ताईंचा पगार किती?

दिवाळी उरकली की पुढच्या जूनच्या नर्सरीचे प्रवेश सुरू होतात आणि त्याच सुमारास सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एक यादी फिरू लागते : ‘प्रीस्कूल निवडताना विचारायचे प्रश्न’. सीसीटीव्ही आहे का? वर्गात एसी आहे का? फोनिक्स कधीपासून शिकवतात? बसमध्ये बाई असते का? पुढे कुठल्या मोठ्या शाळेत प्रवेश मिळतो? यादी पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. जाहिरातीला भुलू नका, चौकशी करून निवडा, असं तिच्याखाली लिहिलेलंही असतं. माझं म्हणणं असं की ही यादीच जाहिरातीतून उतरलेली आहे. शाळा जे विकायला बसली आहे तेवढ्याचीच चौकशी पालक करतात. साहजिकच सगळी उत्तरं ‘हो’ येतात आणि पालक समाधानाने चेक फाडतात. ज्या प्रश्नावर समोरच्या कोऑर्डिनेटर मॅडम जरा सावरून बसतील तो यादीत नसतोच. वर्गावरच्या ताई इथे किती वर्षं टिकल्या आहेत आणि त्यांना पगार किती मिळतो?

हा प्रश्न शिष्टाचाराला सोडून आहे, असं मला बऱ्याच पालकांनी सुनावलं आहे. त्याकडे येतेच. आधी मेंदूचं बघू, कारण सगळ्या धास्तीचा उगम तिथे आहे.

मेंदूची पंच्याऐंशी टक्के वाढ सहाव्या वर्षाआधी होते, हे वाक्य आता प्रत्येक माहितीपत्रकावर असतं. ते शाळावाल्यांनी मनाने रचलेलं नाही; २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ते आहे. सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचं आकारमान मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जवळपास पोचतं, हेही खरं. पण त्यावरून साडेतीन वर्षांच्या मुलाने चार रेघांच्या वहीत कॅपिटल आणि स्मॉल गिरवावं हे कुठून निघालं? धोरणात त्या वाक्यानंतर काय म्हटलंय ते माहितीपत्रकात येत नाही. तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानावा, त्यात पहिली आणि दुसरीसुद्धा धरावी आणि सगळं शिकणं खेळातून, हाताळण्यातून, गोष्टींतून व्हावं, असं धोरण सांगतं. म्हणजे पहिलीने बालवाडीसारखं व्हायचं होतं. आपण बालवाडीची पहिली करून टाकली आणि वर धोरणाचाच हवाला देतो.

दुसरा हवाला अमेरिकेचा असतो. लहानपणी शिक्षणावर घातलेला पैसा पुढे कितीतरी पटीने परत येतो, असं अर्थशास्त्रातले नोबेलविजेते जेम्स हेकमन सांगतात. बरोबर आहे. पण ते ज्या प्रयोगांच्या आधारे बोलतात त्यांतला सगळ्यांत गाजलेला प्रयोग काय होता ते पाहावं. मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावात १९६२ ते १९६७ या काळात पेरी प्रीस्कूल चाललं. गरीब घरांतली १२३ मुलं निवडली, त्यांतल्या ५८ मुलांना प्रीस्कूल मिळालं, ६५ जणांना नाही. पुढे चाळिशीपर्यंत दोन्ही गटांचा माग काढला तेव्हा प्रीस्कूलवाल्यांची कमाई जास्त निघाली आणि त्यांना अटक होण्याचं प्रमाण कमी. आता त्या शाळेत काय होतं? पाच-सहा मुलांमागे एक शिक्षिका, तीही सरकारी शाळेत शिकवायला पात्र ठरलेली. शिवाय आठवड्यातून एकदा ती मुलाच्या घरी जाऊन आईशी आणि मुलाशी दीड तास बोलायची. आपल्याकडच्या माहितीपत्रकात परतावा पेरीचा असतो आणि वर्गात पंचवीस मुलांमागे नुकतीच बारावी झालेली एक मुलगी असते.

प्रीस्कूलमध्ये घातलं की भलंच होतं, हेही गृहीत धरू नये. टेनेसी राज्याच्या सरकारी प्रीस्कूल योजनेचा सुमारे तीन हजार मुलांवरचा अभ्यास २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. प्रवेश सोडतीने झाले होते, त्यामुळे तुलना चोख होती. सहावीत पोचेपर्यंत प्रीस्कूलला गेलेली मुलं परीक्षेत आणि वागणुकीतही न गेलेल्यांच्या मागे पडलेली दिसली. तेव्हा ‘कुठेतरी घालायला हवंच’ या वाक्यातला ‘कुठेतरी’ महागात पडू शकतो.

लिहिण्याविषयी जरा सविस्तर बोलायला हवं, कारण भरलेल्या वर्कशीट पाहूनच पालकांना शाळेत काही चाललं आहे असं वाटतं. मनगटात आठ छोटी हाडं असतात. मूल जन्मतं तेव्हा ती सगळी कूर्चेची असतात. एकेक करून त्यांत हाड धरू लागतं, आणि शेवटचं, वाटाण्याएवढं हाड तयार व्हायला आठ ते बारा वर्षांचं वय उजाडतं. साडेतीन वर्षांच्या मुलाचा एक्स-रे काढला तर आठांपैकी जेमतेम तीन-चार दिसतील. त्या हाताला मळायला कणीक द्या, चिकटवायला कागद द्या, पाणी ओतायला भांडी द्या, गवार मोडायला द्या. ठिपक्यांवरून चाळीस वेळा ‘बी’ गिरवायला लावलं की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, खांदा वर चढवतं, दात ओठावर दाबतं. पुढे तिसरी-चौथीत आई म्हणते, ‘याला लिहायचाच कंटाळा.’

आणि घाई कशासाठी? न्यूझीलंडमध्ये सेबॅस्टियन सुगेट या संशोधकाने पाचव्या वर्षी वाचायला शिकलेल्या आणि सातव्या वर्षी शिकलेल्या मुलांची तुलना केली. अकराव्या वर्षी दोघांच्या वाचनात फरक उरलेला नव्हता. फिनलंडमध्ये मुलं सातव्या वर्षी पहिलीत जातात. आपल्याकडे महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण हवीत. घाई करून गाठायचंय काय, तर नियमाने सहाव्या वर्षीच उघडणारं दार.

इथे पालक मला अडवतात, आणि त्यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे : ‘ताई, दार सहाव्या वर्षी उघडत नाही. मोठ्या शाळांत प्रवेश नर्सरीलाच होतात. पहिलीला जागाच उरत नाहीत.’ अगदी खरं. शिक्षण हक्क कायद्याने मुलाची किंवा आईबापांची चाळणी लावायला बंदी केली; पहिल्यांदा उल्लंघन झालं तर पंचवीस हजार रुपये दंड, नंतर दर खेपेला पन्नास हजार. पण कायद्याचं वय सहा ते चौदा, म्हणून नर्सरीच्या दारात त्याचा धाक नाही. त्याआधी १९९३मध्ये यशपाल समितीने नर्सरीच्या प्रवेशासाठीच्या परीक्षा आणि मुलाखती बंद करा असं सांगून झालं होतं. मुलाखती आता ‘इंटरॅक्शन’ या नावाने होतात, एवढाच बदल. जागा धरून ठेवायची म्हणून कोणी मोठ्या शाळेच्या नर्सरीत मुलाला घालत असेल तर मी त्याला नावं ठेवणार नाही. फक्त तो व्यवहार आहे हे मनाशी स्पष्ट असू द्यावं. जागा धरणं म्हणजे बालशिक्षण नव्हे, आणि अमुक शाळेत प्रवेश मिळवून देतो म्हणून एखादं प्लेस्कूल चांगलं ठरत नाही; त्याची ओळखपाळख चांगली, इतकंच सिद्ध होतं.

इंग्रजीबद्दल मी भांडायला बसणार नाही. ती यायला हवी. ज्या आईबापांना न आल्यामुळे मान खाली घालावी लागली त्यांना मातृभाषेची थोरवी ऐकवणं हा निव्वळ उंटावरचा शहाणपणा. माझी अडचण फार साधी आहे. तीन वर्षांच्या मुलाला शी लागली तर ते सांगायचं कसं? घरी तो ‘आई, शी’ म्हणतो. शाळेत ‘मे आय गो टू द वॉशरूम’ म्हटल्याशिवाय मॅम बघत नाहीत, किंवा मॅमना मराठी येत असून बोलायची बंदी आहे. मूल मुकाट्याने दाबून धरतं. मग घरी पोट दुखतं, डॉक्टरकडे बद्धकोष्ठाची औषधं सुरू होतात आणि शाळेच्या नावाने सकाळी रडणं सुरू होतं. हे मी एका मुलाचं सांगत नाही, बालरोगतज्ज्ञांना विचारा. शाळा पाहायला जाल तेव्हा रडणाऱ्या मुलाशी ताई कुठल्या भाषेत बोलतात तेवढं ऐका. गाणी इंग्रजी असोत, गोष्टी दोन्ही भाषांत असोत, पण समजूत मुलाच्या भाषेत घातली जात नसेल तर तिथून परत फिरावं.

सीसीटीव्ही. मुलांच्या सुरक्षिततेची भीती खोटी नाही. ज्या बातम्या आपण वाचतो त्यांनंतर कोणत्याही आईचा जीव थाऱ्यावर राहणार नाही. दाराशी, जिन्यात, बसमध्ये, स्वच्छतागृहाबाहेरच्या बोळात कॅमेरा हवाच. वाद वर्गातल्या थेट प्रक्षेपणाचा आहे. ऑफिसात बसून आई मोबाइलवर पाहते आणि साडेदहाला फोन करते, ‘माझा मुलगा दहा मिनिटं कोपऱ्यात एकटा का बसलाय?’ तो मुंग्यांची रांग बघत असतो. पण पुढच्या दिवसापासून ताई कोणालाही कोपऱ्यात बसू देत नाहीत, कारण कॅमेऱ्यात सगळी मुलं काहीतरी करताना दिसायला हवीत. जोडीला ॲप असतं. रोज प्रत्येक मुलाचे दोन फोटो टाकायचे असा नियम, म्हणजे वीस मुलांचे चाळीस. ते काढायचे कोणी? त्याच ताईंनी, त्याच तीन तासांत.

मी ज्या वर्गांत मागे बसून पाहिलं आहे त्यांतला एक प्रसंग सांगते. एका मुलाच्या हातून तांब्यातलं पाणी जमिनीवर सांडलं. ताईंनी त्याला फडकं दिलं आणि त्या शेजारी उकिडव्या बसल्या. त्याने पुसलं तसं पाणी पसरलं. तो चिडला. ताई म्हणाल्या, ‘फडकं किती ओलं झालंय बघ बरं.’ त्याने हात लावला, मोरीत जाऊन पिळलं, पुन्हा पुसलं, पुन्हा पिळलं. चौथ्या खेपेला फरशी कोरडी झाली तेव्हा त्याने दुसऱ्या एका मुलीला हाताला धरून ती दाखवायला आणलं. दहा-बारा मिनिटं गेली असतील. त्यांत मनगटाचा व्यायाम झाला, भाषा झाली, राग आवरणं झालं, आणि घरी पाठवायला एकही वर्कशीट तयार झालं नाही. ताईंच्या हातात मोबाइल असता तर या प्रसंगाचा फोटो झाला असता, पण ‘किती ओलं झालंय बघ’ हे वाक्य झालं नसतं.

असं वाक्य योग्य वेळी सुचायला प्रशिक्षण लागतं आणि त्याहून जास्त वर्षं लागतात. पाटी बदलून ते येत नाही. ‘मॉन्टेसरी’ हे नाव कोणीही लावू शकतं, त्यावर कोणाची मालकी नाही. गुलाबी मनोरा आणि मण्यांच्या माळा काचेच्या कपाटात कुलूपबंद ठेवणाऱ्या ‘मॉन्टेसरी’ मी पाहिल्या आहेत. मारिया माँटेसोरींनी आपलं पहिलं बालगृह १९०७मध्ये रोममधल्या सॅन लोरेंझो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत उघडलं होतं, हे त्या पाटीखालून आत जाणाऱ्या किती जणांच्या गावी असेल?

आणि आपल्याला रोमपर्यंत जायचीही गरज नाही. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या. १९२६मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला होता. १९४५मध्ये ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातल्या, आता पालघरमधल्या, बोर्डीला खेड्यातलं काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. दलित वस्तीतली मुलं गावातल्या बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं गुरांमागे रानात जातात म्हणून शाळा कुरणात भरवली. परदेशी साधनं परवडणारी नव्हती; बिया, शंख-शिंपले, माती, दगड यांतून साधनं झाली. मुलांना अंघोळ घालणं, नखं कापणं हा अभ्यासक्रमाचाच भाग. इमारत नाही, पाटी नाही, मुलांची फी नाही. होत्या त्या दोन बायका आणि त्यांनी तयार केलेल्या ताई. १९७५मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा त्या अंगणाचं नाव देशभर गेलं. आज महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. अंगणवाडी म्हणजे खिचडी वाटायची जागा, असं म्हणून शहरी पालक ज्या गोष्टीकडे वळूनही पाहत नाही, तीच बालशिक्षणातली महाराष्ट्राची अस्सल कमाई आहे. तिथल्या सेविकेवर वजनं, लसीकरण, सर्वेक्षणं आणि रजिस्टरं लादून सरकारने तिला मुलांसाठी सवड ठेवली नाही, हा राग वेगळा आणि तो मला आहे.

आता पगाराचं. पुण्या-मुंबईत वर्षाला लाखभर फी घेणारं प्लेस्कूल नवलाचं राहिलेलं नाही. समजा एका वर्गात वीस मुलं आहेत. म्हणजे त्या एका खोलीतून वर्षाला वीस लाख रुपये जमा झाले. त्यातून जागेचं भाडं जातं, साखळीतली शाखा असेल तर नावाची रॉयल्टी जाते, ॲपवाल्याचं जातं, होर्डिंगचं जातं. मी ज्या ताईंशी बोलले त्यांतल्या बहुतेकींच्या हातात महिन्याला पडणारी रक्कम त्याच सोसायटीत चार घरी पोळ्या करणाऱ्या मावशींच्या कमाईएवढीही नव्हती. मावशींना कमी मिळावं असं मी म्हणत नाही. पण तुमच्या मुलाचा पंच्याऐंशी टक्के मेंदू जिच्या हवाली केला आहे, तिला एप्रिल-मेचा पगारही मिळत नाही, हे तुम्हाला ठाऊक नसावं? ती दिवाळीनंतर दोन हजार जास्त देणाऱ्या दुसऱ्या शाळेत जाते. जून ते ऑक्टोबर ज्या पदराला धरून मूल रुळलं तो पदर नोव्हेंबरात नाहीसा होतो आणि रडारड पहिल्यापासून सुरू. मग आपण म्हणतो, ‘आमचा जरा क्लिंगीच आहे.’

म्हणून शाळा पाहायला गेलात तर भिंतींकडे कमी बघा. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने खासगी प्लेस्कूलसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस असं प्रमाण दिलेलं आहे, मुलं मोजा. जूनमधल्या पहिल्या आठवड्यात आईला वर्गात बसू देतात का ते विचारा. ‘पालक दारापर्यंतच, दोन दिवस रडतात आणि गप्प होतात’ असं अभिमानाने सांगणाऱ्या शाळेत मूल गप्प होतं हे खरं, पण का होतं ते विचारावं. वर्गात मागे अर्धा तास बसायची परवानगी मागा. शाळा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर तिला निम्मे गुण आधीच देऊन टाका. तीन वर्षांच्या मुलाने पाऊण तास बसमध्ये झोपून पोचावं इतकी थोर शाळा या राज्यात नाही. दोघंही नोकरीला असाल आणि मूल संध्याकाळपर्यंत तिथेच राहणार असेल, तर नऊ तासांपैकी दुपारचे सहा तास कोण सांभाळतं हे सकाळच्या तीन तासांइतकंच कसून विचारा. पाळणाघराच्या मावशींचं नावही माहीत नसलेले पालक मी पाहिले आहेत.

आणि पगार विचारा. शोभत नाही म्हणता? घर घेताना बिल्डरला पायात किती लोखंड घातलंस म्हणून विचारायला आपल्याला लाज वाटत नाही. आकडा सांगणार नसतील तर एवढंच विचारा : सुट्टीचा पगार देता का, भविष्य निर्वाह निधी आहे का, गेल्या तीन वर्षांत किती ताई सोडून गेल्या? एकट्याने विचारलं तर ‘हे आमचं अंतर्गत धोरण आहे’ असं उत्तर येईल. त्याच व्हॉट्सॲप गटावरच्या पंधरा घरांनी फी भरण्याआधी मिळून विचारलं तर येणार नाही.

शाळा म्हणेल, पगार वाढवायचा तर फी वाढवावी लागेल. तेव्हा खर्चाची यादी मागावी. पाच वर्षांच्या पोरांना मार्चच्या उन्हात काळे झगे आणि चौकोनी टोप्या घालून होणारा ‘ग्रॅज्युएशन डे’, दर महिन्याचे रंगांचे दिवस, नृत्यदिग्दर्शक लावून बसवलेलं स्नेहसंमेलन, ते फोटोंचं ॲप, यांतलं एकेक वगळून तो पैसा ताईंकडे वळवा म्हणावं. त्यानंतरही फी वाढवावी लागलीच तर ती वाढ मी खुशीने देईन. आजवर मुकाट्याने भरलेल्या वाढींपैकी एकीचाही हिशेब आपण मागितला नव्हता.